आजचे चिंतन : कर्ज थकलेल्याने देवासमोर बसावं का?



आजच्या वाचनात दामाजीपंतांची कथा आली. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ती आहे, आणि आपल्याकडे कीर्तनातून ती इतक्यांदा ऐकलेली असते की लेकरांनाही पाठ असते. पंत मंगळवेढ्याचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली. बातमी बीदरला पोचली आणि बादशहाने त्यांना धरून आणायला माणसं धाडली. पण पंत तिथे पोचायच्या आधीच पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, धान्याचे पैसे मोजले आणि पावती घेतली. ती पावती पुढे पंतांना त्यांच्या पोथीत सापडली.

कथा ऐकून आपण डोळे पुसतो आणि मनात म्हणतो, “माझ्यासाठीही येईल विठू.” श्रद्धा म्हणून ते ठीकच आहे. पण या वाक्याचा आधार घेऊन कुणी कपाट बंद करून बसलं तर काय होतं, ते यंदा जवळून पाहिलं.

नांदेडला आमच्या ज्ञानेश्वरी वाचनाला एक काका नेमाने यायचे. मुलगा लातूरला शिकवणीला. फी, खोलीभाडं, मेसचे पैसे असं सगळं क्रेडिट कार्डावर गेलं. “सोयाबीन निघालं की भरू,” असा हिशोब होता. शेतात पाणी साचलं आणि हिशोब मोडला. मग फोन सुरू झाले. काकांनी फोन उचलणं बंद केलं, बँकेची पाकिटं न फोडता कपाटात टाकली आणि हळूहळू वाचनालाही येईनासे झाले. घरी गेलो तर खाली मान घालून म्हणाले, “दादा, माझ्यावर लोकांचं देणं आहे. मी कोणत्या तोंडाने माऊलींसमोर बसू?”

माऊली, खरा प्रश्न हा आहे. कर्ज फेडता न येणं हे पाप आहे का?

मला वाटतं, नाही. दुष्काळात तुकोबांच्या घरच्या व्यापाराचं दिवाळं निघालं होतं, म्हणून पांडुरंगाने त्यांना दारातून परत पाठवलं नाही. ऐपत नसणं हा दोष नव्हे. ऐपत असून न देणं हा दोष आहे. आणि ऐपत नसताना तोंड लपवणं हा दोष नसला, तरी दोषाकडे जाणारी वाट तीच आहे. कर्ज म्हणजे दिलेला शब्द. शब्द पाळता येत नसेल तर “आत्ता जमत नाही, एवढं जमेल,” असं समोर जाऊन सांगणं, हेही शब्दाला जागणंच आहे. गप्प बसलं की समोरच्याला बुडव्या आणि अडचणीतला माणूस यांत फरक करता येत नाही.

आता दामाजीपंतांकडे परत बघा. शिपाई आले तेव्हा पंत पळाले नाहीत, बीदरच्या वाटेला लागले. उदगीर-देगलूरच्या माणसाला बीदर लांब वाटत नाही, पण त्या दिवशी पंतांना ती वाट किती लांब वाटली असेल! तरी ते चालले. विठू धावला तो चालणाऱ्यासाठी, आणि त्यानेही व्यवहार तोंडी ठेवला नाही, पावती घेतली.

म्हणून पहिलं काम, पाकिटं फोडायची. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशोबातल्या एका पैच्या चुकीसाठी रात्रभर जागले, असं परंपरा सांगते. आपण निदान एक संध्याकाळ जागू. समजा ६०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. व्याज झालं २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८. बँकेने किमान भरणा ३,००० सांगितला आणि तो आपण भरला, तर मूळ कर्जातून कमी झाले फक्त ५२२. वर बाकी शिल्लक असताना नवीन खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. म्हणजे “दर महिन्याला भरतोय की,” हे समाधान खोटं असतं. कार्ड वापरणं आधी थांबवायचं. एका कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डाने किंवा मोबाईलवरच्या कर्जाने भागवायचं नाही.

दुसरं काम, बँकेची पायरी चढायची आणि लेखी अर्ज द्यायचा. उत्पन्न किती, घरखर्च किती, दरमहा खरोखर किती देता येईल, ते स्पष्ट लिहायचं. थकबाकीचे कमी व्याजाचे हप्ते पाडून मागायचे, दंड माफ करायची विनंती करायची. ही भीक नव्हे. एकरकमी तडजोडीचाही मार्ग असतो, पण तडजोड झाल्याची नोंद क्रेडिट अहवालात राहते आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे आधी समजून घ्यावं. ठरेल ते बँकेच्या कागदावर घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सगळं फिटल्यावर ‘देणं बाकी नाही’ असा दाखला मागून घ्यावा. पोथीतली पावती ती हीच.

कुणी विचारेल, “बँक वर्षाला ४० टक्क्यांच्या वर व्याज लावते, मग सगळा धर्म आम्हीच पाळायचा का?” प्रश्न रास्त आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता, की एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. सावकारालाही मर्यादा होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं, पण डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे व्याजदराला ती मर्यादा आज नाही. वागण्याला मात्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. काकांच्या सासुरवाडीला उदगीरला फोन गेले होते, ते या मर्यादेबाहेरचं होतं. अशा वेळी तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

लोक अदालतीची नोटीस आली की घरात रडारड होते. ती अटकेची नोटीस नसते. फसवणूक केलेली नसेल तर कार्डाची थकबाकी हा दिवाणी व्यवहार आहे. लोक अदालतीत समोरासमोर बसून रक्कम ठरवता येते. मात्र तिथे सही केली की तो निवाडा दोघांनाही बांधतो, त्यावर अपील नाही. जेवढं झेपेल तेवढ्यालाच हो म्हणावं. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना तिथे मोफत सल्ला मिळतो.

आणि एक गोष्ट, जी आपल्या मराठवाड्यात बोलायलाच हवी. देण्याच्या लाजेने आपल्याकडे किती घरं उजाड झाली, ते तुम्हीही पाहिलं आहे. बँकेला पैसे हवे असतात, तुमचा जीव कुणीही उसना दिलेला नाही. मन फार अंधारलं तर घरातल्या एका माणसाला आजच सांगा, नाहीतर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. रात्रीही फोन उचलतात.

काकांना मी एवढंच म्हणालो, की देणेकरी म्हणून बसू नका, लेकरू म्हणून बसा. देणं बँकेचं आहे, माऊलींचं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून पाकिटं फोडली.

आजचा संकल्प : जे पाकीट भीतीने बंद ठेवलं आहे, ते आज देवासमोर दिवा लावून उघडायचं. आणि ओळखीत कुणी असं तोंड लपवून बसलं असेल, तर त्याच्या घरी जायचं. उपदेश करायला नको, सोबत बँकेत जायला.

पांडुरंगा, आम्हाला कर्जातून सोडव असं मागत नाही. बीदरची वाट चालायचं बळ दे.

रामकृष्ण हरी.