शिळा आणि करंडा

अशोकाला काही लपवायचं नव्हतं, म्हणून त्याचं काम सोपं होतं. दगडावर कोरलं आणि उघड्यावर ठेवलं. वसईजवळच्या नालासोपाऱ्याला १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना त्याच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली भुईगावला नवव्याचा. सोपाऱ्याच्या तुकड्यावर मोजकीच अक्षरं उरली आहेत. तरी पूर्ण मजकूर आपल्याला ठाऊक आहे, कारण तोच लेख गिरनारला आहे, काल्सीला आहे, शाहबाजगढीला आहे. शिळा फुटली, लेख फुटला नाही.

त्याच १८८२ साली, त्याच सोपाऱ्यात, त्याच भगवानलालांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उकरला. आत निघाला स्तूप. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय, तर मातीच्या भिक्षापात्राच्या तेरा खापऱ्या.

शिळा टिकली ती जगाला सांगून. करंडा टिकला तो तोंड मिटून.

क्रिप्टोची खासगी किल्ली या दोघांच्या मधोमध अडकली आहे. तिला शिळेसारखं टिकायचं आहे आणि करंड्यासारखं दडायचंही आहे. एक साधायला गेलं की दुसरं निसटतं. प्रती वाढवा, चोराच्या वाटा वाढतात. प्रती घटवा, एका पावसाचं काम.

आणि वसईचा पाऊस ठाऊक आहे. जुलै २०१८ मध्ये मिठागरातली माणसं घरांत अडकली होती, गाड्या बंद, तळमजले पाण्याखाली. अशा वेळी कपाटातल्या वहीचं, किल्ली टिपलेलं शेवटचं पान कोण बघतो?

किल्ली म्हणजे वहीत असतात ते बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द, त्यांतून ती पुन्हा उभी करता येते. २०१३ साली ठरलेल्या २,०४८ शब्दांच्या यादीतून किल्ल्या सांभाळणारं वॉलेट ते निवडतं. यादी अशी बांधली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. म्हणजे धातूवर ठोकायचे तर चोवीस शब्दांना फार तर शहाण्णव अक्षरं. एवढ्या जागेत माणसाची आयुष्याची कमाई मावते, ही गोष्ट मला अजून पूर्ण पचलेली नाही.

कागद जळतो, शाई फुटते, पेन ड्राइव्ह न सांगता मरतो. घराच्या आगीत हजार अंशांच्या आसपास तापमान जाऊ शकतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच पातळ होतं. स्टेनलेस स्टीलला साधारण चौदाशे लागतात. पण सगळं स्टेनलेस सारखं नसतं. खारं वारं ३०४ नंबरच्या स्टीललाही हळूहळू बारीक खड्डे पाडतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते जास्त तग धरतं. खाडीकाठच्या माणसाने हा फरक दुकानात विचारून घ्यावा.

खोल ठोकलेलं अक्षर टिकतं, वर छापलेलं नाही. याचा पुरावा प्रत्येक घरात आहे: लग्नात आलेल्या स्टीलच्या पातेल्यावर आजीचं नाव आणि तारीख, टिंबाटिंबांनी घातलेली. राखेने घासली, तारेने घासली, आजी गेली, नाव वाचता येतं. मात्र पातेल्यावर नाव घालणाऱ्याकडे हे काम न्यायचं नाही. वालीव-गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेझर मशिनवर कुणी पाच मिनिटांत पट्टी करून देईल. पण फाइल त्याच्या संगणकात राहील. फोटो काढून ‘आठवणीसाठी’ ठेवू नये हे त्याच न्यायाने. फोन आपला असतो, फोटो कुठे कुठे जातो ते आपल्या हातात नसतं.

म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचा पंच-सेट आणावा आणि घरीच ठोकावं. पंच सरळ धरायचा, एकच घाव, जोरकस. दुसऱ्या घावाला पंच हलकासा सरकतो आणि ‘ई’चा ‘एफ’ की ‘एफ’चा ‘ई’ ते पुढे कुणाला कळत नाही. शेजारी विचारतील, ठोकाठोकी कसली. काहीतरी सांगावं.

सगळ्यात स्वस्त युक्ती वॉशरची. एका वॉशरवर एक शब्द, सगळे एका बोल्टमध्ये ओवायचे, वर नट. वॉशरवर क्रमांकही ठोकावा, कारण क्रम चुकला की शब्द असून नसल्यासारखे. बारा शब्दांचा क्रम बिघडला तर सुमारे अठ्ठेचाळीस कोटी शक्यता. संगणक त्या धुंडाळू शकतो. चोवीसांचा बिघडला तर संगणकानेही हात टेकावेत. हजार वर्षांपूर्वी याच उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचे ताम्रपटही असेच कडीत ओवलेले असत आणि कडीवर गरुडाची मुद्रा. पान बदललं जाऊ नये, ही काळजी तेव्हाचीच.

जेम्सन लॉप नावाचा अमेरिकन गृहस्थ बाजारातल्या अशा पट्ट्या आगीत घालतो, आम्लात बुडवतो, वीस टनी प्रेसखाली दाबतो. साध्या, एकसंध, ठोकलेल्या पट्ट्या बहुधा तरतात. सुटी अक्षरं सरकवून बसवलेल्या देखण्या पट्ट्यांची अक्षरं गळतात. मला याचं नवल वाटलं नाही.

धातूचा प्रश्न इथे संपतो. तो तसा सोपाच होता.

वेल्सच्या न्यूपोर्टमध्ये २०१३ साली जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली, सुमारे आठ हजार बिटकॉइन घेऊन. डिस्क जळली नव्हती, भिजली नव्हती. घर आवरलं गेलं होतं. वसईतही स्टीलच्या पट्टीचा खरा शत्रू पूर नव्हे, दिवाळीची साफसफाई आणि पाठोपाठ येणारा भंगारवाला.

क्वाड्रिगा या कॅनडातल्या क्रिप्टो एक्स्चेंजचा प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला. किल्ल्या एकट्या त्यालाच ठाऊक होत्या, असं सांगण्यात आलं. पुढे चौकशीत दिसलं की बहुतेक पैसा त्याने आधीच उडवला होता. एकाच डोक्यात असलेल्या किल्लीआड लबाडीही सुखाने नांदते. दुसऱ्याच्या हाती किल्ली द्यावी, तर जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचा ऐवज गेला.

बँकेचा लॉकर? आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट. पूर आला तर तीही नाही. तरी लॉकर वाईट नव्हे. फक्त सगळे शब्द तिथे नकोत.

पहिले बारा एका पट्टीवर, पुढचे बारा दुसरीवर, ही वाटणी भाबडी आहे: एक हरवली की दोन्ही गेल्या. आदी शमीर या संशोधकाने १९७९ साली गणित मांडलं, त्यात गुपिताचे तीन वाटे करता येतात. कोणतेही दोन जुळले की गुपित उभं राहतं, एकट्याने काहीच कळत नाही. त्यासाठी वॉलेटही ती सोय असलेलं हवं. मग एक पट्टी वसईत, एक लॉकरमध्ये, एक नाशिकच्या बहिणीकडे. अशोकाच्या प्रती आणि स्तूपाचं मौन, दोन्हींचा थोडा थोडा वाटा यात येतो.

राहिला वारस. सोपाऱ्याचा करंडा ज्याला सापडला तो ठेवणाऱ्याचा कुणी नव्हता. स्तूपात ते चाललं. वॉलेटचं तसं नाही, शब्द ज्याच्या हाती त्याचा पैसा. मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत, कारण ते पत्र वकील, साक्षीदार, भाऊबंद अशा बऱ्याच हातांतून फिरतं. त्यात एवढंच लिहावं की पट्ट्या तीन आहेत, कुठे कुठे आहेत, कोणतं वॉलेट आहे आणि दोन जुळवल्याशिवाय उघडत नाही. आणि हे वाचून बायको, ‘हे वॉलेट म्हणजे काय?’ असं विचारणार असेल, तर पंच बाजूला ठेवून आधी तिच्याकडून एकदा रिकाम्या वॉलेटवर सगळं करून घ्यावं.