पाणी भरणाऱ्यांना ठाऊक होते



दहावीचा शेवटचा पेपर झाला की आपल्या घरांत निकालाची वाट पाहणे सुरू होते. कुणी अकरावीसाठी नांदेड-लातूरला जाण्याचे म्हणतो, कुणी आयटीआयचे, तर कुणाला कामासाठी हैदराबादकडे जावे लागणार असते. रविवारच्या मिस्सेत पुढच्या सतरंजीवर बसणारी ही मुले पुन्हा सगळी एकत्र दिसतील याची खात्री नसते. म्हणून ईस्टरनंतर, पण निकालाच्या आधी, एका शनिवारी संध्याकाळी चर्चच्या अंगणात त्यांच्यासाठी मिस्सा, खेळ, गाणी व जेवण असा कार्यक्रम करायचे ठरले आहे.

निकालाच्या आधी का, असे काहींनी विचारले. त्याचे कारण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजवर आपण निकालानंतर गुणवंतांचा सत्कार करीत आलो. चांगले गुण मिळवणाऱ्यांना शाल, पेन व टाळ्या मिळाल्या. ते योग्यच होते. पण त्याच वेळी एक मुलगा मागे चपलांजवळ उभा होता. त्याला दोन विषय राहिले होते. त्याला कुणी रागावले नाही, पण कुणी जवळही बोलावले नाही. पुढचे कित्येक रविवार तो मिस्सेला आला नाही. एका विषयात ३५ गुण मिळाले नाहीत म्हणून देवाच्या घरात एखाद्या लेकराला परके वाटावे, ही चूक त्याची नव्हती. ती आपली होती.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय आपण आठवू या. गालीलातील काना गावी लग्न होते. द्राक्षारस संपला. घरच्यांची लाज जाणार हे सर्वांच्या आधी मरियामातेने ओळखले. तिने गाजावाजा केला नाही. मुलाच्या कानावर घातले आणि नोकरांना त्याचे ऐकायला सांगितले. तिथे दगडाचे सहा रांजण होते. एकेका रांजणात आजच्या मापाने साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावत असे. म्हणजे पाचशे ते सातशे लिटर पाणी! दहा-बारा लिटरची घागर धरली तर पन्नासएक खेपा झाल्या. पैनगंगा तालुक्याच्या कडेने वाहत असूनही उन्हाळ्यात एकेका घागरीची किंमत काय असते, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. तरी त्या नोकरांनी रांजण अर्धे ठेवले नाहीत, काठोकाठ भरले.

पुढे काय झाले ते पाहा. भोजनाच्या कारभाऱ्याने रस चाखला आणि नवऱ्या मुलाची वाहवा केली. हा रस कुठून आला हे त्या दोघांनाही कळले नाही. ज्यांनी पाणी भरले होते त्यांना मात्र ते ठाऊक होते, असे संत योहान मुद्दाम नोंदवतो. त्या नोकरांची नावे शुभवर्तमानात नाहीत. पंगतीतल्या मानाच्या जागा त्यांच्या नव्हत्या. पण येशूचे पहिले चिन्ह घडताना त्यांचे हात त्यात होते. सेवा करणाऱ्याला मिळणारे खरे बक्षीस हेच आहे.

तरुणांचे आश्रयदाते संत जॉन बॉस्को यांच्याही कामामागे असेच हात होते. १८४६ साली त्यांची आई मार्गारेट आपले खेड्यातले घर सोडून त्यांच्यासोबत ट्युरिन शहरात आली. रस्त्यावरच्या पोरांसाठी तिने चुली पेटवल्या, फाटके कपडे शिवले, स्वतःच्या लग्नातली वस्त्रेसुद्धा देऊन टाकली. एकदा पोरांनी खेळता खेळता तिचा भाजीचा वाफा तुडवला. ती वैतागली आणि गावी परत जाते म्हणाली. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवले. ती माऊली गप्प झाली आणि पुन्हा कामाला लागली. १८५६ साली मरण येईपर्यंत ती तिथेच राबली.

आता आपल्या रांजणांकडे येऊ. अंगण झाडायचे आहे, मंडप बांधायचा आहे, दिवे व माइक लावायचे आहेत, पाण्याचे जार आणायचे आहेत. मसालेभात आणि शिरा करायचा आहे. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होईल. त्यानंतर मुलींना घरापर्यंत सोडायला मोठी माणसे हवीत, आणि एकाही मुलाने मोटारसायकल घेऊन रात्री फिरू नये याकडे लक्ष द्यायला वडीलधारे हवेत. शेवटी खुर्च्या उचलायच्या आहेत व भांडी घासायची आहेत. दरवेळी हे शेवटचे काम त्याच चार बहिणींच्या वाट्याला येते. या वेळी भांडी पुरुषमंडळींनी घासावीत, असे आम्ही प्रेमाने सुचवतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. आपल्याला पातेले धुण्यात कमीपणा कसला?

मुलांच्या वर्गातले हिंदू, मुस्लीम, बौद्ध मित्रमैत्रिणीही त्या संध्याकाळी आपले पाहुणे असतील. कुणालाही गुणांचा अंदाज विचारू नये. आणि निकालाच्या दिवशी आपल्यापैकी प्रत्येकाने एका घरी तरी जावे. जिथे पेढे वाटले जात नसतील, त्या घरी आधी जावे. २०१५ पासून निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा होते आणि वर्ष वाया जाण्यापासून वाचू शकते, हे त्या लेकराला जवळ बसून सांगावे. त्याचा फॉर्म भरून द्यावा. मरियामातेसारखे उणे आधी ओळखणे ते हेच.

चर्चच्या दाराशी वही ठेवली आहे. मिस्सेनंतर तीत आपले नाव व जमेल ते काम लिहावे. कार्यक्रमात आभाराची नावे वाचली जाणार नाहीत. पाणी कुणी भरले हे प्रभूला ठाऊक असेल, आणि भरणाऱ्यालाही.

हे प्रभू येशू, आमच्या मुलांच्या वाटेवर तू सोबत चाल. आमचे रिकामे रांजण काठोकाठ भरण्याची आम्हांला शक्ती दे, आणि मागे उभ्या असलेल्या लेकराला जवळ बोलावण्याचे मन दे. आमेन.