माळवदाचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८



मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे, आणि पुष्कळ वाचक त्यावरून न थांबता पुढे जातात. जो कोणी नवे घर बांधील त्याने धाब्यास कठडा करावा. न केल्यास आणि वरून कोणी पडल्यास त्या घरावर रक्तपाताचा दोष येईल, असा त्याचा आशय आहे. शहरातील वाचकास हा नियम परका वाटेल. परंतु परभणी जिल्ह्यातील खेड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांस त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. गंगाखेड, पालम, जिंतूर या बाजूंची जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पांढरी माती. त्यावर मिरच्या वाळतात, उडीद-मूग पसरतात, आणि वैशाखात सारे घर अंथरुणे घेऊन वरच निजावयास जाते. यहूदी लोकांची घरेही अशीच सपाट धाब्याची होती. पेत्र यापो नगरात प्रार्थनेसाठी धाब्यावर गेला होता हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो.

आता हा नियम कोणासाठी आहे ते पाहा. घरधन्यास आपल्या माळवदाची कड अंधारातही ठाऊक असते. तो सहसा पडत नाही. पडतो तो रात्री मुक्कामास आलेला पाहुणा, पडते ते शेजाऱ्याचे मूल, पडते ती दृष्टी मंद झालेली म्हातारी. कठड्याचा खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा! दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. घरधन्याने कोणास ढकलले नाही, कोणाचे वाईट चिंतिले नाही, तरी देव त्यास विचारतो की, कठडा का बांधिला नाहीस? "मी कोणाचे काय केले?" हा प्रश्न आपण किती सहज विचारितो! या वचनापुढे तो उभा राहू शकत नाही.

हे वचन आम्ही आज तोंडावर बांधावयाच्या मास्कविषयी काढिले आहे. तो विषय आता जुना झाला, असे कोणी म्हणेल. म्हणूनच तो शांतपणे बोलण्याजोगा झाला आहे.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण आढळले, आणि एप्रिलात तो आजार परभणीसही पोहोचला. त्याच एप्रिलाच्या मध्यास केंद्र सरकारने सार्वजनिक ठिकाणी तोंड झाकणे सक्तीचे केले. आपली उपासनास्थाने बंद झाली. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. पुढे २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील मास्कची सक्ती उठली. सरकारी गणनेप्रमाणेच या राज्यात १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसे त्या आजाराने गेली. सक्ती उठली त्याच आठवड्यात मास्क पेटीच्या तळाशी गेले. दंडाच्या पावतीच्या भयाने जे बांधिले होते ते पावती बंद होताच सुटले, यात नवल ते काय? पण कोविडचा विषाणू नाहीसा झालेला नाही, आणि फ्ल्यू तर दरवर्षी पावसाळ्यात व हिवाळ्यात फिरून येतोच. मग आम्ही मास्क बांधीत होतो तो पोलिसासाठी की शेजाऱ्यासाठी, हे आता, सक्ती नसताना, कळून येणार आहे.

हा आजार कसा पसरतो हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. माणूस बोलतो, खोकतो, गातो, तेव्हा मुखातून पाण्याचे थेंब उडतात. मोठे थेंब जवळच खाली पडतात. अगदी बारीक ते बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात, आणि विषाणू त्यांवर बसून प्रवास करितो. कोविडमध्ये तर स्वतःस ताप येण्यापूर्वी सुमारे दोन दिवस आधीपासून मनुष्य दुसऱ्यास आजार देऊ शकतो. यास्तव "मला तर काहीच होत नाही" हे काही प्रमाण नव्हे. मास्क बांधणाऱ्याचेही काही अंशी रक्षण होते, आणि एन-९५ नीट बसविल्यास अधिक होते. तथापि त्याचे मोठे काम, जे बाहेर पडावयाचे ते मुखाजवळच अडविणे, हेच आहे.

गाणाऱ्या मंडळीने एक वृत्त विशेष ध्यानात ठेवावे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकसंघाची ६१ माणसे सरावासाठी जमली आणि सुमारे अडीच तास गायली. त्यांच्यात एकास सर्दीसारखी लक्षणे होती. त्यांपैकी ५३ जण आजारी झाले वा तसे मानले गेले, आणि दोघे मरण पावले. त्यांनी काय पाप केले होते? ते गाणे गात होते. त्या दिवशी फारसे कोणास काही ठाऊकही नव्हते, म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाही. पण आम्हांस ठाऊक आहे. नाताळच्या रात्री दारे-खिडक्या लावून, टाळ-तबल्याच्या नादात, खांद्यास खांदा लावून आम्ही भजने गातो, आणि पुढच्या रांगेत मंडळीतील सर्वांत वृद्ध माणसे बसलेली असतात.

सेलू-मानवतकडे जिनिंगमध्ये काम करणारी माणसे कापसाची फुसफूस नाकात जाऊ नये म्हणून रुमाल बांधितात. मळणीयंत्रापुढे उभा राहणारा बांधितो. त्यांस कोणी उपदेश करावा लागत नाही, कारण तो रुमाल स्वतःसाठी असतो. दुसऱ्यासाठी बांधावयाचा म्हटला की उपदेशकाची गरज पडते! स्थानकवासी जैन साधू हवेतील सूक्ष्म जीवांस इजा होऊ नये म्हणून आयुष्यभर मुखावर पट्टी बांधितात. त्यांच्या मताशी आमचा मतभेद असो. पण डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवासाठी ते जे करितात, ते समोर दिसणाऱ्या शेजाऱ्यासाठी करावयास आम्ही कुरकुर करावी, हे आम्हांस शोभत नाही.

काही विश्वासी म्हणतात की, देवावर भरवसा आहे, मग मास्क कशास? त्यांस आम्ही मत्तयाचा चौथा अध्याय वाचावयास सांगतो. सैतानाने प्रभूस मंदिराच्या उंच जागी नेऊन, देवदूत झेलतील, उडी टाक, असे सुचविले, आणि त्यासाठी शास्त्राचाच आधार दिला. प्रभूने उडी टाकिली नाही. देवाची परीक्षा पाहणे हा भरवसा नव्हे, असे त्याने उत्तर दिले. आणि येथे तर उडी आपण टाकीत नसून, आपल्या भरवशावर दुसऱ्यास कडेवर उभे करीत आहोत.

दुसरे विचारितात, मास्कने खरोखर काही होते काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. २०२०-२१ मध्ये बांगलादेशातील ६०० खेड्यांत, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांमध्ये याची परीक्षा झाली. ती खेडी आपल्यासारखीच, शेती करणाऱ्यांची. काही खेड्यांत मास्क फुकट वाटले, घरोघर सांगितले, मशिदीत इमामांनी आठवण दिली. बाकीच्यांत काही केले नाही. जेथे वाटले तेथेही शंभरांत केवळ ४२ माणसे नीट मास्क बांधू लागली. इतर खेड्यांत १३. एवढ्या अपुऱ्या वापरानेही लक्षणे असून रक्ततपासणीत सिद्ध झालेले कोविडचे रुग्ण शेकडा ९ ने कमी झाले. जेथे तीन पदरी वैद्यकीय मास्क दिले त्या खेड्यांतील साठीच्या पुढील माणसांत ते प्रमाण शेकडा ३५ ने घटले. कापडी मास्कचा लाभ मात्र तितका स्पष्ट दिसला नाही. तेव्हा मास्क म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे. कठडा असूनही एखादा पडतो. म्हणून कोणी कठडा पाडून टाकीत नाही. आणि लाभ सर्वांत अधिक कोणास झाला? वृद्धांस, माळवदाची कड ज्यांस दिसत नाही त्यांस.

मास्क हनुवटीवर बांधणाऱ्यांविषयी आम्ही एवढेच म्हणतो की, त्यांनी कठडा बांधिला खरा, पण अंगणात.

येथे एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. लेवीय १३:४५ मध्ये महारोग्याने आपला वरचा ओठ झाकून, अशुद्ध, अशुद्ध, असे ओरडत जावे, असा नियम आहे. तोंड झाकणे हे तेथे बहिष्काराचे चिन्ह आहे. आपल्या गावांतही तीच वृत्ती अजून जिवंत आहे. टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून परतलेल्यांस आणि ऊसतोडीवरून आलेल्या कुटुंबांस शाळेच्या खोल्यांत वेगळे ठेविले, ते आवश्यक होते. पण त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी त्यांच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले गेले ती दृष्टी आवश्यक नव्हती. आजही मंडळीत एखादी बाई मास्क बांधून आली की चार डोळे वळतात, "हिला काय झाले?" त्या डोळ्यांच्या भयाने खोकणारा माणूस उघड्या तोंडाने येऊन बसतो. यावर उपाय एकच आहे: पाळक आणि पंच यांनी साथीच्या दिवसांत प्रथम स्वतः बांधावा. सर्वांनी बांधिला की तो कोणाचीच खूण राहत नाही.

तसेच तो सुंतेचा नवा नियमही होऊ नये. दोन वर्षांखालील लेकरास तो बांधू नये. दम लागणारा वृद्ध, ओठांवरून बोलणे ओळखणारा बहिरा, यांची अडचण समजून घ्यावी. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आपल्या भावाचा न्याय करू नका असे सांगतो, आणि भावाच्या मार्गात अडखळण ठेवू नका असेही तेथेच सांगतो. दोन्ही वाक्ये एकाच मंडळीस लिहिली आहेत.

यास्तव आमची सूचना अशी. मंडळीच्या दाराजवळ तीन पदरी मास्कची पेटी असावी. तिचा खर्च फार नाही. हिवाळ्यातही उपासनेच्या वेळी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या राहाव्यात, आणि साथ असेल तर लिंबाखाली बसावे. ज्यास ताप-खोकला आहे त्याने त्या रविवारी घरी राहावे. त्यास कोणी थंड विश्वासाचा म्हणू नये. आणि त्याच्या घरी जाणे मात्र चुकवू नये. प्रभूने महारोग्यास हात लाविला, तो दुरून बोलला नाही. पाळकाने नाकातोंडावर मास्क नीट बांधून जावे, आणि दारात उभे राहून प्रार्थना न उरकता आत खाटेजवळ बसावे.