देहाची काळजी : स्वार्थ की कर्तव्य?



घरोघरी भेटी देताना आम्हा धर्मगुरूंना एक वाक्य नेहमी ऐकू येते : 'फादर, माझं काय, मुलांचं झालं म्हणजे झालं.' असे म्हणणाऱ्या माऊलीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठवडा उलटलेला असतो. ती सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवते. आपण तिला त्यागमूर्ती म्हणतो. पण हा खरोखर त्याग आहे का?

त्यागात आपण आपले काहीतरी दुसऱ्याला देतो. गोळ्या न घेतल्याने मुलांच्या पदरात काय पडते? उद्या आईला पक्षाघात झाला तर तो भार त्याच मुलांवर येतो. ज्यातून कोणाचेच भले होत नाही तो त्याग नव्हे, ती हेळसांड होय. अर्थात दोष तिच्या एकटीचा नाही. तिला शेवटी जेवू देणारे आपणही त्यात वाटेकरी आहोत.

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, आपण स्वतःचे मालक नाही, असे संत पौल करिंथकरांना सांगतो. मंदिराची पडझड होऊ द्यायची नसते, तसेच मंदिरालाच देवही मानायचे नसते. म्हणून ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (१९९२) आरोग्याला देवाची मौल्यवान देणगी म्हणतो आणि देहपूजेपासून सावधही करतो. उपवासाचा नियमसुद्धा हेच तारतम्य राखतो. तो १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच बंधनकारक आहे, आणि आजाऱ्यांना त्यातून सूट आहे. मधुमेही व्यक्तीने डॉक्टरांचा सल्ला डावलून उपाशी राहणे ही भक्ती नव्हे.

मनाचे काय? एलिया संदेष्टा थकून, निराश होऊन झुडपाखाली बसला आणि त्याने देवाकडे मरण मागितले. देवाने त्याला रागावले नाही, प्रवचनही दिले नाही. देवदूताने त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. मगच तो होरेब पर्वताची वाट चालू लागला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरील उपाय लिहिताना आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती व सत्याचे चिंतन यांच्याबरोबर झोप आणि स्नान यांचाही समावेश केला. देह आणि आत्मा मिळून एकच माणूस होतो, हे या थोर तत्त्वज्ञाने कधी नजरेआड केले नाही.

सद्‌गुण सवयीने अंगी बाणतो, असे ॲरिस्टॉटल सांगतो. तेव्हा छोट्या सवयींपासूनच सुरुवात करू या. वेळेवर झोपू या. मिस्सेला जमेल तेव्हा चालत येऊ या. रात्रीचे जेवण टीव्ही आणि मोबाईल बंद करून एकत्र घेऊ या, म्हणजे कोणाचा घास कमी झाला आहे, कोण गप्प गप्प आहे, ते तरी कळेल. मन जड झाले तर दारूच्या बाटलीकडे न वळता एखाद्या माणसाजवळ बोलू या. गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊ या. त्यांच्याकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. एलियालाही दुसऱ्याच्या हातून भाकर घ्यावी लागली.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, ही प्रभूची आज्ञा. जो स्वतःला टाकून देतो, त्याच्या हाती शेजाऱ्यासाठी कोणते माप उरणार?