बातमीचा धनी

यावल-रावेरच्या पट्ट्यातील केळी-उत्पादकास भोळा समजणाऱ्याने त्याला एकदा बागेच्या बांधावर व्यापाऱ्याशी बोलताना ऐकावे. आज बुऱ्हाणपुरात भाव काय निघाला, तो कोणत्या प्रतीच्या मालाला, वजन कोणत्या काट्यावर व्हायचे, दांड्याचा हिशेब कसा धरायचा, रक्कम रोख की उधार, आणि उधार असल्यास हमी कोणाची, हे सारे विचारून झाल्याशिवाय घडाला कोयता लागत नाही. हाच चौकस गृहस्थ रात्री मोबाईल हातात घेतो, मुले पळविणारी टोळी तालुक्यात शिरल्याचा, भाच्याकडून आलेला मजकूर वाचतो, आणि एकही प्रश्न न विचारता तो दहा घरी रवाना करतो.

याचे कारण अज्ञान, असे शिकलेली मंडळी म्हणतात. मला ते मान्य नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्तींना दूध पाजण्यासाठी लागलेल्या रांगांत महानगरांतील पदवीधरही होतेच. खरे कारण असे की, व्यापारी परका म्हणून त्याच्या शब्दाची आपण खातरजमा करतो, आणि भाचा आपला म्हणून त्याच्या शब्दाची करीत नाही. भाचा खोटारडा नसतो. पण त्याने तरी ते कोठे पाहिलेले असते?

१ जुलै २०१८ च्या रविवारी, याच खानदेशात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी जो अनर्थ झाला, तो या न विचारलेल्या प्रश्नातून झाला. मंगळवेढ्याच्या बाजूकडून भिक्षेसाठी आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष मुले पळविणारे ठरविले गेले, आणि ज्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी व्हायच्या, तेथेच जमावाने त्यांना ठार मारले; सोडवायला गेलेल्या पोलिसांवरही हल्ला झाला. कोणत्या गावचे, कोणाचे मूल हरवले आहे, याचा निर्णय झालेला नव्हता. मंगळवेढ्याच्या ठाण्याला फोन लावून त्या पाच जणांची ओळख पटविता आली असती, आणि अफवा ज्या यंत्रातून आली ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मनाचा कौल घ्यावा, असा उपदेश हल्ली वारंवार ऐकू येतो. त्या जमावानेही मनाचाच कौल मानला होता. लेकराविषयीचे भय ही माणसाची अत्यंत प्रबळ आणि प्रामाणिक प्रेरणा असल्यामुळेच अफवा तिच्या आधाराने पसरते. तरीही अंतःप्रेरणा टाकाऊ आहे, असे मी म्हणणार नाही. कारण भयाच्या जोडीने, पुष्कळ क्षीण स्वरात, मनात आणखी एक जाणीव उठत असते: या हकिकतीत गावाचे नाव नाही, तारीख नाही, मुलाच्या बापाचा पत्ता नाही, काहीतरी खटकते आहे. हा खटका दाबून टाकायचा नाही, एवढाच मनावर विश्वास ठेवण्याचा अर्थ मी घेतो. आणि गर्दीत तो मोठ्याने बोलून दाखविणाऱ्यास जिवाचे धैर्य लागते, हेही जाणून आहे.

जुन्या गावगाड्यात बातमीला धनी असे. कोतवालाने दवंडी पिटली, तर हुकूम कोणत्या कचेरीचा आणि जाब कोणाला विचारायचा, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. पंचनाम्यावर पंचांनी अंगठा उठवायचा तो जागेवर जाऊन पाहिल्यावर. तो गावगाडा जातीच्या अन्यायाने बरबटलेला होता आणि तो परत यावा असे मला मुळीच वाटत नाही. पण ‘कोणी पाहिले?’ हा त्याच्या दप्तरातील प्रश्न मात्र आपण गमावता कामा नये.

राईनपाड्याची घटना घडली त्याच जुलैच्या १७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी जिल्ह्यागणिक पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. दोन्ही गोष्टी योग्य. परंतु जिल्ह्याचा अधिकारी आठवडेबाजारात उभा नसतो. गावात असतो तो पोलीस पाटील, ज्याची कर्तव्ये १९६७ च्या कायद्याने ठरवून दिली आहेत. यावल तालुक्यातील ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की, त्याचा दूरध्वनी क्रमांक बाजाराच्या जागी ठळक अक्षरांत रंगवून घ्यावा, आणि येत्या ग्रामसभेत, डवरी गोसाव्यांची बिऱ्हाडे पावसाळ्यानंतर या रस्त्यांनी पुन्हा येऊ लागतील त्यापूर्वी, राईनपाड्याची हकिकत सर्वांसमक्ष वाचून दाखवावी.