पपईचे वाटेकरी

परसातल्या पपईला कोकीळ भोक पाडत होता. घरी आलेले एक निसर्गप्रेमी गृहस्थ म्हणाले, "खाऊ द्या हो. फुकट थोडाच खातोय? जंगलं पेरतात ही पाखरं." ते 'फुकट' मला सलत राहिलं.

कावळ्याच्या घरट्यातली अंडी वगैरे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण वाढलेला कोकीळ मुख्यतः फळांवर जगतो. उंबर, पपई, कढीपत्त्याची काळी फळं. माणसाला विषारी असलेलं बिट्टीचं फळसुद्धा तो पचवतो. चंदनाचं फळ गिळून बी दूर टाकतो, म्हणजे गृहस्थ खोटं बोलले नव्हते. पण हा हिशेब पुढे न्यायचा तर बुलबुलाचं काय? अमेरिका खंडातून शोभेसाठी आणलेली घाणेरी तो रानोमाळ पसरवतो. इवलासा फुलटोच्या बांडगुळाचं चिकट बी आंब्याच्या फांदीला पुसतो आणि बागायतदार कोयता घेऊन फांद्या छाटत बसतो. आणि आपला राज्यपक्षी हरियाल! वड-उंबरांवर पोसतो, पण त्याच्या पोटातल्या पेषणीत बऱ्याचशा बिया भरडल्याच जातात. पेरणीची मजुरी म्हणून फळं द्यायची, तर हरियालाला उपाशी ठेवावं लागेल.

देणं वेगळं आणि नेऊ देणं वेगळं, असं मला नेहमी वाटतं. काकबळी हे देणं: पान आपलं, वेळ आपली, कावळा शिवला नाही तर घोरही आपल्यालाच. कोकीळ आपण मांडलेलं खात नाही. आपण उद्या काढू म्हणतो ती पपई तो आज फोडतो.

देशावर ज्वारी भरली की भोरड्यांचे थवे उतरत आणि मचाणावरचा राखणदार गोफण फिरवत घसा फोडून ओरडे. भोरड्या टोळही खातात, पण त्याचं श्रेय द्यायला तो तिथे बसलेला नसे. भोरडी वाटेकरी आहे एवढं त्याला ठाऊक होतं, आणि वाटेकऱ्याशी भांडायचंच असतं.

शेजारच्या काकू पपईला गोणपाट बांधतात आणि कोकिळाला सणसणीत शिव्या देतात. खरं तर मी लिहायला बसलो होतो त्यांच्याविरुद्ध. (नायलॉनच्या जाळीची गोष्ट निराळी, तिच्यात पाखरू अडकून मरतं, त्याला भांडण म्हणत नाहीत.) पण त्या शिव्यांमध्ये कोकिळाकडून कसलीच अपेक्षा नाही. त्यानं गावं असं नाही, पेरावं असंही नाही. त्याला पपई हवी, काकूंनाही हवी. गृहस्थांनी त्याला कामाला लावलं; काकूंनी निदान बरोबरीचा मानला. शिवाय हात पोचेल तेवढ्याच पपयांना गोणपाट असतं. शिडी आणायच्या भानगडीत काकू पडत नाहीत.