दूरचा दोस्त

कुक्कुटपालनाचे शेड टाकू पाहणाऱ्याला, वऱ्हाडातल्या तिवसा तालुक्यात काय किंवा आणखी कुठे काय, पहिली ताकीद एकच मिळते: दुसऱ्याच्या शेडवर पाय ठेवायचा नाही आणि दुसऱ्याला आपल्या शेडमध्ये घ्यायचे नाही. ताकीद रास्त आहे. राणीखेत, म्हणजे गावाकडची मानमोडी, चपलेला लागलेल्या विष्ठेतून येते, पक्षी उचलायला आलेल्या गाडीच्या चाकांवरून येते, बाजारातून परतलेल्या अंड्यांच्या ट्रेमधून येते. म्हणून दाराशी चुना, औषधाच्या पाण्याचे घमेले आणि आत घालायचे वेगळे बूट. खेड्यातली मैत्री एकमेकांच्या ओट्यावर बसून वाढते. या धंद्यात ओट्यावरच बंदी. त्यामुळे वेगळ्या मुलखाच्या आणि वेगळ्या बोलीच्या कोंबडीवाल्यांची जी दोस्ती जमते, ती वेगळेपण असूनही जमते असे म्हणणे मला पटत नाही. ती वेगळेपणामुळेच जमते. ज्याचे शेड पाचशे किलोमीटरवर आहे त्याच्याशीच या धंद्यातला माणूस मोकळा बोलू शकतो.

बर्ड फ्लूचे उदाहरण घ्या. देशात त्याची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. हे नवापूर म्हणजे ज्याचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे ते. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो निघाला आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा नवापूरला. रोग पक्का झाला की आताच्या नियमाप्रमाणे १ किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. हा नियम शेजाराला काय करतो ते पाहा. माझ्या शेडमध्ये मरतूक वाढली आणि मी ती कळवली, तर आठशे मीटरवरच्या शेजाऱ्याचे धडधाकट पक्षीही खड्ड्यात जाणार. त्याने मला गप्प राहायला सांगितले, तर तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. त्याच्याही डोक्यावर कर्ज आहे. अशा रात्री चिपळूण किंवा सांगलीकडच्या माणसाला फोन केला, तर त्याला माझ्या गप्प राहण्यात काडीचा फायदा नसतो. उलट रोग दाबला गेला आणि पसरला, तर बाजार त्याचाही बसतो. म्हणून तो स्वच्छ सांगू शकतो, की पक्षी पुरू नको, पशुसंवर्धन खात्याला कळव, नमुने उद्यावर ढकलू नको. बाजार सगळ्यांचा एकदम कसा बसतो हे एकदा दिसलेही आहे: कोंबडीतून कोरोना होतो ही अफवा फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये उठली, तेव्हा वऱ्हाडापासून कोकणापर्यंत ब्रॉयलरचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेला. अफवेने कुणाची बोली विचारली नव्हती.

गावरान पाळणाऱ्याची गरज तर याहून मुळातली आहे. एकाच गावातले कोंबडे दोन-चार पिढ्यांत एकमेकांचे भाऊबंद होऊन बसतात. मग अंडी कमी फुटतात, पिल्ले किरकोळ निघतात. नर बदलावा लागतो आणि तो लांबून आणावा लागतो. तिवस्याच्या सपाटीवरच्या माणसाने मेळघाटातून कोंबडा आणला, तर विकणारा बहुधा कोरकू बोलणारा असतो. कोरकूचे मराठीशी नातेच नाही. ती मुंडा कुळातली भाषा. व्यवहार मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत उरकतो. इथे कुणी विचारील, की याला मैत्री कशी म्हणायची? डोंगरातला माल स्वस्तात उचलून शहरात महाग विकणाराही असाच गोड बोलतो. शंका खरी आहे. माझ्या मते फरक पुढच्या वर्षी कळतो. त्या कोंबड्याची पिल्ले कशी निघाली, किती टिकली हे मागे जाऊन सांगणारा आणि लसीची कुपी बर्फात घालून डोंगरात पोचवणारा माणूस व्यापाऱ्याहून वेगळा. असे थोडे असतील. थोडे असले तरी असतात.

दुसरी हरकत अधिक वजनाची आहे: दूरच्या मित्राचा सल्ला दूरच्या हवेचा असतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. ती चोच उघडून, पंख सैल सोडून धापा टाकते आणि श्वासातून उडणाऱ्या वाफेवर अंग थंड ठेवते. इथली हवा कोरडी, म्हणून फॉगरचा फवारा आणि ओले गोणपाट उपयोगी पडते. पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता नेते. हाच उपाय कोकणातल्या दमट शेडमध्ये केला, तर पाणी उडतच नाही, कोंबडीच्या श्वासातली वाफही अडते आणि ती आणखी गुदमरते. तिथे वारा वाहता ठेवणे हाच इलाज. म्हणजे वऱ्हाडी सल्ला कोकणात जसाच्या तसा नेला, तर पक्षी मरतील. पण हीच गोष्ट उलटून पाहा. आषाढ-श्रावणात तिवस्यालाही झड लागते, शेडमध्ये अंथरलेले तूस ओले होते, अमोनियाने डोळे चुरचुरतात, पिल्लांना रक्ती हगवण लागते. तूस कधी परतायचे, चुना किती मारायचा, ताडपत्री किती वर ठेवायची हे कोकणातल्या माणसाला चार महिन्यांच्या सरावाने अंगवळणी पडलेले असते. वऱ्हाडातल्याला ते जेमतेम काही आठवडे लागते आणि नेमके तेव्हाच आठवत नाही. एकाचा अख्ख्या हंगामाचा अनुभव हा दुसऱ्याचा एखाद-दुसरा महिना असतो.

आणि इथेच लहेज्याचे काम आहे. छापील पुस्तिकेतला सल्ला प्रमाण मराठीत येतो, त्यामुळे तो कुठल्याच गावचा वाटत नाही आणि सगळ्या गावांना लागू आहे असा भास होतो. ‘मले सांग, शेडचं तोंड कोनीकडे हाय’ असे विचारणारा माणूस कुठल्या उन्हातून बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते आणि तो सल्ला आपल्या मापाने कापून घेतो. वऱ्हाडी माणूस पुण्याच्या प्रशिक्षणात गेला की ‘मले’चे ‘मला’ करतो, कारण त्याच्या बोलीवर हसू येते याची त्याला सवय झालेली असते. त्यात त्याचे नुकसान आहेच. ऐकणाऱ्याचेही आहे.

या सगळ्याला मैत्री कशाला म्हणायचे, ही तर धंद्याची सोय, असे म्हणणाऱ्यांना एक जुने उदाहरण सोयीचे वाटेल. तेलुगू मातृभाषेचे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुण्यातून ती वाढवली. व्यापारी ठरवील तो भाव घ्यायची पाळी आलेल्या वेगवेगळ्या राज्यांतल्या अंडी उत्पादकांना गोळा करून रावांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. ती आजही विभागवार रोज भाव जाहीर करते. जाहीर भाव आणि हातात पडणारा भाव यांत अंतर राहते ही तक्रारही जुनीच. समितीला मी दोस्ती म्हणणार नाही. पण भाव स्वतः ठरवायचा, तर आपला खरा खर्च परप्रांतातल्या माणसापुढे मांडावा लागतो. तेवढा विश्वास कुठल्याही ठरावाच्या आधी कुणीतरी कुणावर टाकलेला असतो. तो नसला की काय होते, ते २०१९ मध्ये दिसले. इस्लामपूरच्या एका कंपनीने कडकनाथ कोंबड्या पाळा, अंडी आणि पक्षी आम्हीच घेऊ, म्हणून अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडून पैसे घेतले आणि ते बुडाले. करार प्रत्येकाचा कंपनीशी होता. एकमेकांशी काहीच नव्हते. आपल्यासारखे किती, हे त्यांना मोर्चात कळले. ब्रॉयलरच्या करारातही पिल्ले, खाद्य, औषध आणि देखरेखीला येणारा माणूस कंपनीचाच. पक्ष्यांनी किती खाद्य खाऊन किती वजन धरले याचा हिशेब बरा की वाईट, हे ताडून पाहायला दुसऱ्या मुलखातला, दुसऱ्या कंपनीचा माणूस ओळखीचा असावा लागतो.

अर्थात ही दोस्ती सगळे पेलत नाही. २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोचले, तेव्हा पोल्ट्री उद्योगाने कोंबडीच्या खाद्यात लागणारी सोयाबीनची ढेप आयात करू द्या असा धोशा लावला आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन ढेप आणायला परवानगी दिली. पुढे नवे सोयाबीन बाजारात आले ते घसरत्या भावाला. ज्या पट्ट्यात सोयाबीन पिकत नाही तिथल्या कोंबडीवाल्याला तो निर्णय सुटकेचा वाटला. तिवस्याच्या एखाद्या घरात मात्र मागे शेड असते आणि पुढे चार एकर सोयाबीन. खाद्य महागले तर शेड रडते, स्वस्त झाले तर शेत. अशा घरातला माणूस आयातीच्या बाजूने सही मागणाऱ्या दूरच्या दोस्ताला ‘नाही’ म्हणाला, तर मला त्यात काही वावगे दिसत नाही. त्या ‘नाही’नंतरही पिल्लांच्या हगवणीवर फोन आला आणि उचलला गेला, तर तेवढ्यावर हा व्यवहार चालू राहतो.